सगळे सारखे, तरी अर्धे तालात आणि अर्धे बेताल

नाशिकची विसर्जन मिरवणूक वाकडी बारवपासून निघून मेनरोडच्या अरुंद भागात शिरते तेव्हा मोठ्या ढोलपथकांची पंचाईत होते. रस्ता अरुंद म्हणून पथक लांबट होतं, पहिल्या रांगेत आणि शेवटच्या रांगेत सहज ३५ मीटर पडतात, आणि आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटरच जातो, म्हणजे पुढचा ठोका मागच्याला एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण नाशिक ढोलचा हात चढला की तेवढ्या वेळात ठोका पार हुकतो. म्हणून ताशेवाले कुठे उभे करायचे याला महत्त्व, आणि म्हणून पथकप्रमुख हात वर करून खुणा करतो, डोळ्याला दिसणाऱ्या खुणेला उशीर होत नाही ना.

आता जरा वेगळं पथक डोक्यात आणा. प्रमुख नाही, ताशे नाहीत, सगळे वादक अगदी सारख्या तयारीचे, सगळ्यांचा स्वतःचा वेगही तंतोतंत सारखा, आणि प्रत्येकजण फक्त आसपासच्यांचं ऐकून वाजवतोय, जवळच्याचं जास्त आणि लांबच्याचं कमी. काय होईल? बहुतेक लोक म्हणतील की एकतर हळूहळू सगळे एका तालात येतील नाहीतर सगळाच गोंधळ होईल. बरीच वर्षं शास्त्रज्ञांनाही हेच दोन पर्याय वाटायचे. पण तिसरंही होऊ शकतं, पथकाचा एक भाग कडक तालात वाजवतोय, उरलेला भाग पूर्ण बेताल, आणि हे असंच टिकून राहतं. बेताल भागातले वादक कच्चे नाहीत हां, ते आणि तालातले अगदी सारखेच आहेत. कोणाला वेगळं काही सांगितलेलं नाही, तरी फूट पडली.

हा पार्शल सिंक्रोनायझेशनचा, म्हणजे अर्धवट ताल जुळण्याचा एक प्रकार, आणि हे प्रकरण निघालं कुठून तर रसायनांच्या गणितातून, ज्याला रिअ‍ॅक्शन-डिफ्युजन सिस्टिम असं भारदस्त नाव आहे. नावाला घाबरायचं कारण नाही. रिअ‍ॅक्शन म्हणजे एका जागी रसायनं एकमेकांचं काय करतात ते, आणि डिफ्युजन म्हणजे ती रसायनं कोणी न ढवळताही आपोआप पसरत जातात ते. सामान एवढंच, आणि त्यातून ठिपके, पट्टे, फिरणारी चक्रं, लाटा आणि वर सांगितलेली फूट, एवढं सगळं निघतं.

आधी डिफ्युजनचा स्वभाव बघू कारण खरी मेख तिथे आहे. जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिकडे जायचं आणि सगळं सपाट करायचं, एवढंच त्याला येतं. आणि अंतर वाढलं की ते भयंकर हळू होतं. पाण्यातला एखादा छोटा रेणू अजिबात न ढवळता १ मिलिमीटर सरकायला साधारण ८ मिनिटं घेतो, १ सेंटिमीटरला मात्र जवळपास १४ तास, म्हणजे अंतर दहापट झालं तर वेळ शंभरपट. उलट १ मायक्रोमीटर, म्हणजे पेशीच्या आतलं अंतर, अर्ध्या मिलिसेकंदात पार. म्हणून शरीरातलं जे नक्षीकाम डिफ्युजनवर चालतं त्याची आखणी बहुतेक गर्भ चिमुकला असतानाच होऊन जाते, नंतर फक्त वाढ.

मग सपाट करणं हाच ज्याचा धंदा, त्याच्यामुळे नक्षी कशी काय उमटेल? हे अ‍ॅलन ट्युरिंगने १९५२ मध्ये दाखवलं. हाच तो दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे गुप्त संदेश फोडणारा आणि कॉम्प्युटरचा पाया घालणारा ट्युरिंग, आणि वारला त्याच्या दोनच वर्षं आधी त्याने रॉयल सोसायटीच्या जर्नलमध्ये जीवशास्त्रावरचा हा पेपर छापला. माझ्या मते त्याचं सगळ्यात उलट्या डोक्याचं काम हेच. त्याचं म्हणणं असं की जे एरवी स्थिर आहे, जे ढवळत ठेवलं तर अजिबात हलत नाही, त्यात डिफ्युजन घुसवलं की ते मोडू शकतं.

कसं ते बघा. दोन रसायनं घ्या. एक चेतवणारं, ते स्वतःलाच वाढवतं आणि सोबत दुसऱ्यालाही तयार करतं. दुसरं दाबणारं, ते पहिल्याला आवरतं. ढवळत राहिलात तर दोघांचा समतोल बसतो, जरा काही हललं तर परत जागेवर. आता ढवळणं बंद करा, आणि अट एकच, दाबणारं हे चेतवणाऱ्यापेक्षा बरंच जोरात पसरलं पाहिजे. कुठेतरी योगायोगाने चेतवणारं कणभर वाढतं, रेणूंच्या धक्काबुक्कीत एवढं तर सारखंच होत असतं. ते स्वतःला अजून वाढवतं, दाबणारंही बनवतं, पण दाबणारं काही तिथे बसून राहत नाही, पटकन लांब निघून जातं. म्हणजे जिथे उंचवटा आला तिथे त्याला आवरायला कोणी पुरेसं नाही, आणि जो शेजार बिचारा काहीच करत नव्हता तो उगाच दाबला गेला. उंचवटा टिकतो, भोवती दबलेलं कडं तयार होतं, कड्याच्या पलीकडे दाब विरला की तिथे दुसरा उंचवटा डोकं वर काढतो. झाले ठिपके. आकडे थोडे बदलले की ठिपक्यांचे पट्टे होतात. आणि दोन ठिपक्यांमधलं अंतर भांडं केवढं आहे यावर फारसं ठरत नाही, ते ठरतं पसरण्याच्या आणि रिअ‍ॅक्शनच्या वेगांच्या हिशोबावर, म्हणजे भांडं दुप्पट केलं तर ठिपके मोठे होत नाहीत, जास्त होतात.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या कारण पुढे तीच परत लागणार आहे. नक्षी आधी कुठे लिहून ठेवलेली नव्हती. सगळी जागा सारखी होती, नियम सगळीकडे एकच होता, आणि भेद त्याच नियमातून पडला.

कागदावर हे छान होतं, पण रसायनशाळेत खरा ट्युरिंग पॅटर्न दिसायला १९९० उजाडलं, म्हणजे ३८ वर्षं. अडचण काय तर ती एकच अट. पाण्यात छोटे रेणू सगळे साधारण सारख्याच वेगाने पसरतात, मग दाबणारं जास्त जोरात आणि चेतवणारं हळू हे जमवायचं कसं? शेवटी फ्रान्समधल्या बोर्दोच्या पॅट्रिक द केपर आणि त्याच्या सहकाऱ्यांना ते क्लोराइट, आयोडाइड आणि मॅलोनिक अ‍ॅसिडच्या रिअ‍ॅक्शनमध्ये दिसलं, तेही जेलमध्ये. आणि यात स्टार्च टाकलेलं होतं ते निव्वळ रंग दिसावा म्हणून, आयोडीन आणि स्टार्चचा निळा रंग शाळेत सगळ्यांनी बघितलाय. पण स्टार्चचे रेणू अगडबंब, जेलमध्ये अडकून बसलेले, आणि ते आयोडीनवाल्या चेतवणाऱ्या बाजूला धरून ठेवत होते, त्यामुळे चेतवणारं आपोआप मंद झालं आणि ट्युरिंगची अट पुरी झाली. रंगासाठी घातलेल्या वस्तूनेच प्रयोग यशस्वी केला! ठिपक्यांमधलं अंतर होतं ०.२ मिलिमीटरच्या आसपास.

जिवंत प्राण्यांमध्ये १९९५ ला जपानच्या कोंडो आणि असाई यांनी एंजलफिश जातीच्या एका समुद्री माशाचे पट्टे बघितले. मासा वाढतो तसे त्याचे पट्टे रुंद होत नाहीत, मध्ये नवीन पट्टे येतात, अंतर तेवढंच राहतं, अगदी गणितात येतं तसं. २०१४ मध्ये उंदराच्या गर्भातली बोटंही अशाच यंत्रणेतून आखली जातात असं दाखवलं गेलं, म्हणजे बोट आणि दोन बोटांमधली फट हा एक प्रकारे पट्ट्यांचा पॅटर्न. हे वाचल्यापासून मी स्वतःच्या हाताकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो.

इथपर्यंतची नक्षी थांबलेली होती. आता हलणारी.

मॉस्कोमध्ये बोरिस बेलुसोव नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने सायट्रिक अ‍ॅसिड, ब्रोमेट आणि सेरियमचं मिश्रण केलं, आणि ते पिवळं झालं, मग रंग गेला, मग परत पिवळं, परत रंग गेला, असं चालूच राहिलं. त्याने पेपर पाठवला, तर संपादकांनी परत केला की हे शक्यच नाही, रिअ‍ॅक्शन एका दिशेने जाते, पुढे-मागे झोके घेत नाही, थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम आहे की नाही? बेलुसोव वैतागला. शेवटी १९५९ मध्ये रेडिएशन मेडिसिनच्या एका संग्रहात त्याचा छोटासा लेख आला, जो कोणी रसायनवाला सहसा उघडणारही नाही. पुढे १९६१ पासून अनातोली झाबोटिन्स्की या तरुण विद्यार्थ्याने ते काम हातात घेतलं, सायट्रिकच्या जागी मॅलोनिक अ‍ॅसिड घातलं, आणि आज ही रिअ‍ॅक्शन दोघांच्या नावाने बीझेड म्हणून ओळखली जाते. १९८० ला तिच्यासाठी लेनिन पारितोषिक मिळालं, तेव्हा बेलुसोवला जाऊन १० वर्षं झाली होती.

संपादकांचं चुकलं कुठे? दुसरा नियम मोडलेला नाहीच. एकूण ऊर्जेचा उतार सतत खालीच जातोय, शेवटी सगळं शांत होतंच, फक्त खाली जाता जाता मधल्या रसायनांचं प्रमाण वर-खाली होतं. भांड्यात ब्रोमाइड जास्त असतं तोवर मुख्य रिअ‍ॅक्शन दबून राहते. ब्रोमाइड हळूहळू संपतं, एका पातळीखाली गेलं की स्वतःला वाढवणारी रिअ‍ॅक्शन एकदम भडकते आणि रंग पलटतो. पण त्या भडकण्यातूनच असं काही तयार होतं जे मॅलोनिक अ‍ॅसिडच्या मदतीने परत ब्रोमाइड सोडतं, ब्रोमाइड वाढलं की परत दाब. परत चेतवणारं आणि दाबणारं, पण इथे दाब उशिरा पोचतो, म्हणून झोका बसतो. फील्ड, कोरोस आणि नॉयस या तिघांनी १९७२ मध्ये याच्या पायऱ्या सविस्तर लावल्या.

(हे घरी करू नका. ब्रोमेट विषारी आहे, पाव फुगवायला पोटॅशियम ब्रोमेट वापरायचे त्यावर आपल्याकडे २०१६ मध्ये बंदी आली, शिवाय यात सल्फ्युरिक अ‍ॅसिड लागतं आणि ब्रोमीनही सुटतो. कॉलेजात असाल तर केमिस्ट्रीच्या सरांना गाठा, फेरोइन इंडिकेटर लॅबमध्ये असतोच, त्याने लाल-निळा असा झकास पलटा दिसतो.)

आता हेच मिश्रण ढवळत ठेवलं तर पूर्ण बीकर एकाच वेळी लाल, एकाच वेळी निळा. म्हणजे प्रत्येक थेंबाचं प्रत्येक थेंबाशी बोलणं चालू आहे, सगळं पथक एका तालात. पण पेट्री डिशमध्ये पातळ थर ओता आणि हात लावू नका. मग थेंब फक्त लगतच्या थेंबाशी बोलतो, डिफ्युजनमार्फत, आणि निळ्या रंगाची वर्तुळं उमटून मिनिटाला काही मिलिमीटर वेगाने बाहेर सरकायला लागतात. झाइकिन आणि झाबोटिन्स्कीने १९७० मध्ये हे छापलं, आणि १९७२ ला आर्थर विन्फ्रीने फिरणारे स्पायरल दाखवले. पाण्यावरच्या दोन लाटा एकमेकींतून आरपार जातात, या जात नाहीत, समोरासमोर आल्या की दोन्ही विझतात, कारण लाट गेल्यावर मागची जागा काही काळ दमलेली असते, लगेच पेटू शकत नाही. आणि लाट मध्येच तुटली की तिचं मोकळं टोक आत वळतं आणि स्वतःभोवती फिरत बसतं, तोच स्पायरल.

हे फक्त डिशमधलं कौतुक नाही. हृदयाच्या स्नायूत विजेची लाट जवळपास याच समीकरणाने धावते, तिथे पेशीपेशींमधून पसरतं ते व्होल्टेज. लाट तुटून तिचा स्पायरल झाला की हृदय गरजेपेक्षा फार जोरात पळतं, आणि त्या स्पायरलचे तुकडे होऊन सगळीकडे छोटी छोटी चक्रं फिरायला लागली की ते फिब्रिलेशन, स्नायूचा प्रत्येक भाग आपापलं आकुंचन पावतोय पण रक्त पुढे जात नाही. डिफिब्रिलेटरचा झटका बंद पडलेलं हृदय चालू करतो असा सिनेमांनी करून दिलेला समज आहे. तो खरं तर सगळ्या लाटा एकदम पुसतो, म्हणजे नैसर्गिक पेसमेकरला पहिल्यापासून ताल धरता येतो.

आता सिंक्रोनायझेशन. १६६५ मध्ये हायगेन्स या डच शास्त्रज्ञाला आजारपणात पडल्या पडल्या दिसलं की एकाच आधाराला टांगलेली दोन लंबकाची घड्याळं थोड्या वेळाने एकमेकांशी जुळवून घेतात. हजारो झोके, म्हणजे आपापल्या तालात सतत वर-खाली होत राहणाऱ्या वस्तू, असतील तर काय, याचं सोपं गणित योशिकी कुरामोतोने १९७५ मध्ये मांडलं. प्रत्येकाचा वेग थोडा वेगळा, आणि प्रत्येकजण सगळ्यांच्या सरासरीकडे थोडा ओढला जातो. ओढ एका ठराविक मर्यादेच्या खाली असेल तर काहीच होत नाही, कितीही वाट बघा, आणि मर्यादा ओलांडली की मधल्या वेगाचे लोक एकदम जुळायला लागतात, फार हळू आणि फार जलद असलेले मात्र बाहेर भटकत राहतात. हेही अर्धवट सिंकच झालं, पण याचं आश्चर्य वाटत नाही. आपल्या पथकातही नवीन पोरं मागे पडतात आणि एखादा जोशात पुढे पळतो. वेगवेगळे आहेत म्हणून वेगवेगळं वागतात.

२००२ मध्ये कुरामोतो आणि बात्तोगतोख यांनी जे छापलं ते मात्र सगळे तंतोतंत सारखे असतानाचं. आणि त्याची सुरुवात रिअ‍ॅक्शन-डिफ्युजनमधूनच होते, हा भाग बऱ्याच सोप्या लेखांमध्ये गाळलेला असतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. अशी कल्पना करा की झोके घेणारी रसायनं जागच्या जागी अडकलेली आहेत, पसरत नाहीत. पण त्यांच्यातून एक तिसरं रसायन सुटतं, ते पसरतं आणि पसरता पसरता नष्टही होतं. हे तिसरं रसायन निरोप्या. ते नष्ट व्हायच्या आधी किती लांब पोचेल, तेवढ्या टापूतले झोके एकमेकांना ऐकू येणार, जवळचे मोठ्याने, लांबचे बारीक. आता तिसरं रसायन झोक्यांच्या मानाने फार चपळ असेल तर गणितातून त्याला काढूनच टाकता येतं आणि उरतं काय, तर सगळ्यांशी नाही, फक्त लगतच्याशीही नाही, तर मधल्या टापूशी जोडलेली झोक्यांची रांग. याला नॉनलोकल कपलिंग म्हणतात. आपलं प्रमुख नसलेलं पथक ते हेच.

अजून एक मसाला लागतो, फेज लॅग. प्रत्येकजण शेजाऱ्याच्या ठोक्याशी नाही, ठोक्यापासून थोडं सरकून जुळवायला बघतो. लॅग शून्य असेल तर शेजाऱ्यांचा सगळा प्रभाव जुळवण्यात खर्च होतो आणि सगळे एक होतात. लॅग बरोबर पाव चक्र असेल तर शेजारी तुम्हाला जुळवतही नाहीत आणि तोडतही नाहीत, फक्त तुमची लय बदलतात. आणि लॅग पाव चक्रापेक्षा किंचित कमी ठेवला, की जुळवणारी ओढ अगदी थोडी आणि लय बदलणारा परिणाम मोठा. सगळी गंमत या अरुंद पट्ट्यात आहे.

आता फूट का टिकते बघा. जिथे आधीच ताल जमलाय तिथे आसपासच्या सगळ्यांचा ठोका एकत्र येतो, म्हणून ऐकू येणारा आवाज दणदणीत. त्या दणदणीत आवाजाने दोन गोष्टी होतात, सगळे धरून राहतात, आणि सगळ्यांची लय चांगलीच मंदावते. जिथे बेताल आहे तिथे दहा जणांचे दहा ठोके एकमेकांना खोडून काढतात, ऐकू येतं ते पुसट. पुसट आवाज कोणाला धरून ठेवू शकत नाही, आणि लयही तेवढी मंदावत नाही. म्हणजे बेताल भाग तालवाल्यांपेक्षा सरासरीने वेगळ्या लयीत पळतोय, आणि त्याला ओढून आणायला लागेल एवढा जोर तिथे पोचत नाही. तालात आहेत म्हणून आवाज मोठा, आवाज मोठा म्हणून तालात. दुसरीकडे बेताल म्हणून आवाज पुसट, पुसट म्हणून बेताल. दोन्ही भाग आपली आपली परिस्थिती स्वतःच तयार करतात, सीमारेषेवर कोणी उभं नसतं. ट्युरिंगच्या ठिपक्यांसारखंच, भेद बाहेरून आलेला नाही.

एक बारीक अट मात्र आहे. याच पथकात सगळ्यांनी एकत्र वाजवणं हीसुद्धा स्थिर अवस्था आहे, म्हणजे सुरुवात एकत्र झाली तर एकत्रच राहतील. फूट हवी असेल तर सुरुवात तशी करून द्यावी लागते, एका भागात थोडा विस्कळीतपणा पेरावा लागतो. आणि वादक थोडेच असतील तर फूट कायमची टिकत नाही, कधीतरी अचानक सगळे एक होतात, पण वादकांची संख्या वाढवत नेली की हा टिकण्याचा काळ घातांकी वेगाने वाढतो. २००४ मध्ये अब्राम्स आणि स्ट्रोगाट्झ यांनी या अवस्थेला काइमेरा हे नाव दिलं आणि मग या विषयावर पेपरांचा पूर आला. काइमेरा म्हणण्यासारखं नसलेलंही त्यात बरंच घुसलं, ते असो.

दहा वर्षं हे फक्त कॉम्प्युटरवर होतं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात केनेथ शोवॉल्टरच्या गटाने बीझेडचे छोटे छोटे मणी घेतले, प्रत्येक मणी एक झोका. कॅटॅलिस्ट असा की प्रकाशाने झोक्यावर फरक पडतो. कॅमेरा प्रत्येक मण्याची चमक बघतो, कॉम्प्युटर ठरवतो कोणाला कोणाचं किती ऐकू जायला पाहिजे, आणि प्रोजेक्टर प्रत्येकावर तेवढा प्रकाश टाकतो. म्हणजे निरोप्या रसायनाचं काम प्रकाशाने केलं. आणि दिसली की फूट. २०१३ ला तर साधे मेट्रोनोम वापरून झालं, गाण्याच्या क्लासमध्ये टिक टिक करतात ते, दोन झोपाळ्यांवर पंधरा-पंधरा, आणि झोपाळे स्प्रिंगने जोडलेले. एका झोपाळ्यावरचे सगळे एकत्र, दुसऱ्यावरचे विस्कटलेले. या कामात आता बंगळुरूला असलेले शशी थुटुपल्ली होते. आणि २०१८ मध्ये परत बीझेडच्या मण्यांवर स्पायरल मिळाले, पण असे की बाहेरचे हात व्यवस्थित फिरतायत आणि मधला गाभा बेताल, ज्याचं भाकीत शिमा आणि कुरामोतोने २००४ मध्येच करून ठेवलं होतं. स्पायरल आणि फूट या दोन्ही गोष्टी इथे एकाच डिशमध्ये येऊन मिळतात.

मोकळ्या निसर्गात? नाशिकहून घोटीमार्गे भंडारदऱ्याला मे अखेरीला, पाऊस लागायच्या आत, काजवे बघायला आपण जातोच. गर्दी, गाड्यांचे हेडलाइट आणि रील काढणारे सोडून झाडाकडे जरा दहा मिनिटं सलग बघत बसलात तर एकेका झाडावर एकत्र लुकलुक दिसते. काजव्यांची सगळ्यात पक्की मोजणी मात्र अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या काँगरी जंगलात झाली, २०२२ मध्ये छापलेल्या अभ्यासात फोट्युरिस फ्रॉन्टालिस जातीच्या काजव्यांमध्ये एक मोठा गट एकत्र चमकतोय आणि त्याच जागेत, त्याच वेळी काहीजण त्या तालात नाहीत असं आढळलं, म्हणजे काइमेराच. हेडलाइट बंद ठेवायचं हे अजून एक कारण, काजव्याला शेजाऱ्याचा प्रकाश दिसला पाहिजे, तुमचा नाही.

विजेच्या ग्रिडचं उदाहरण लोक देतात ते थोडं वेगळं आहे पण उपयोगाचं. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रातल्या २१० मेगावॉटच्या सेटचा शाफ्ट मिनिटाला ३००० फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला ५०, आणि ग्रिडमधल्या सगळ्या जनरेटरना हाच ताल धरावा लागतो. दक्षिण ग्रिड बरीच वर्षं स्वतःच्या तालात चालायचं, ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइनवरून ते बाकी देशाशी सिंक झालं. त्याच्या आधी जुलै २०१२ मध्ये, ३० तारखेला उत्तर आणि ३१ ला उत्तर, पूर्व, ईशान्य अशी ग्रिड कोसळली, ६० कोटींहून जास्त लोक अंधारात, पण आपलं पश्चिम ग्रिड वेगळं होऊन स्वतःच्या तालात उभं राहिलं. हे पार्शल सिंक आहेच, पण काइमेरा नाही, कारण इथे प्रत्येक जनरेटर आणि प्रत्येक लाइन वेगवेगळी. डॉल्फिन अर्धा मेंदू झोपवतो त्याला काइमेरा म्हणायची फॅशन आहे, मला ते ओढूनताणून वाटतं, मेंदूला झोप-जाग ठरवणारी स्वतंत्र यंत्रणा आहे, ती विसरून कसं चालेल.

ज्यांना थोडं पायथॉन येतं त्यांनी हे स्वतः करून बघाच, लॅपटॉपवर एका संध्याकाळचं काम. ठिपक्यांसाठी दोन रसायनांचं ग्रे-स्कॉट मॉडेल घ्या, पिअर्सनने १९९३ मध्ये त्यातले ढीगभर पॅटर्न दाखवलेत. २५६ बाय २५६ चं ग्रिड, दोन डिफ्युजनचे आकडे ०.१६ आणि ०.०८, फीड (कच्चा माल आत येण्याचा वेग) ०.०३६७ आणि किल (तयार झालेलं काढून टाकण्याचा वेग) ०.०६४९ ठेवलं तर ठिपके पेशींसारखे फुटून दोनाचे चार होत जातात. फीड ०.०५४५ आणि किल ०.०६२ केलं की प्रवाळासारखी वेटोळी. मध्ये एक छोटा चौकोन आणि थोडा रँडम गोंगाट टाकून सुरुवात करा, आणि काही हजार स्टेप जाऊ द्या, पहिल्या शंभरात काही दिसत नाही.

काइमेरासाठी २५६ झोके एका कड्यावर, अंतराप्रमाणे घातांकी कमी होणारं कपलिंग ज्यात घसरण ४ आहे आणि पूर्ण कडं १ लांबीचं, फेज लॅग १.४५७ रेडियन, पाव चक्र १.५७१ असतं त्याच्या जरासा आत. सुरुवातीच्या फेज, म्हणजे कोणता झोका चक्रात कुठे आहे ते, मात्र सगळीकडे सारख्या रँडम देऊ नका. मध्यभागी जास्त विस्कळीत आणि कडेला गेलं की जवळपास शून्य, असं घंटेच्या आकाराचं पांघरूण रँडम आकड्यांवर घाला. ते विसरलात आणि सगळे झोके एका सरळ रेषेत येऊन बसले तर कोड तपासत रात्र घालवू नका, लॅगचा आकडा आणि हे पांघरूण, या दोनच गोष्टी आधी बघा.